सुभेदार, तुमची हाक आधी की माझं थांबणं?

सुभेदार,

तुमचं तेरावंही अजून झालेलं नाही आणि मी तुमच्याशी भांडत बसलेय. लॅबचं शटर वर करताना भांडते, पेशंटच्या दंडाला रबर बांधताना भांडते. काल एका आजोबांनी विचारलं, "बाय, काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही, मूठ घट्ट करा. त्यांनी मूठ केली आणि माझ्याकडे संशयानं बघत राहिले.

घरात बसवत नाही, बाहेर पडले की घरी यावंसं वाटतं. परवा दुपारी लॅब मदतनीस मुलीवर सोडून आरे-वारेला गेले. ग्लायडरची पिशवी गाडीतून काढलीच नाही. सड्याच्या पठारावर गवत वाळून पिवळं पडलंय, कातळ तापलाय, आणि वारा असा होता की तुम्ही नाक वर करून नुसतं "हं" म्हणाला असतात. मी कड्यापर्यंत गेले, परत गाडीपाशी आले, पुन्हा गेले. सदा बडबडणारा इरफान लांबून बघत होता. तो काही बोलला नाही, म्हणजे बघा.

पेपरात तुमच्याविषयी चार ओळी आल्या. पॅराशूट पलटणीत होतात, विमानातून उड्या मारायला जवानांना शिकवलंत, निवृत्त होऊन आपल्या जिल्ह्यात परत आलात आणि सड्यावर पोरांना पॅराग्लायडिंग शिकवत राहिलात. सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट त्यात नाही. तुम्ही मला शिकवू शकला नाहीत. मी तुमच्याकडून शिकू शकले नाही. आणि हे ना तुम्हाला पचलं, ना मला.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते खालून. नेवऱ्याला एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त घेऊन परत येत होते. स्कूटर चढावर होती आणि समोर समुद्रावर एक केशरी पंख आडवा तरंगत होता. त्याच्याखाली बसलेला माणूस खुर्चीत रेलावं तसा रेललेला. मी स्कूटर कडेला लावली आणि डिकीत रक्ताच्या नळ्या आहेत हे विसरून तो माणूस उतरेपर्यंत उभी राहिले. बेचाळिशी ओलांडलेली बाई, रस्त्याच्या कडेला, तोंड उघडं टाकून. तो माणूस तुम्ही होतात. मला उडायचंय, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्यामुळेच कळलं, हे मी कधी नाकारलेलं नाही.

आणि मग पहिला दिवस.

"वजन किती?"

"बासष्ट."

"बूट घट्ट बांध, मॅडम."

'मॅडम' आणि 'बांध' एका वाक्यात. हे शेवटपर्यंत तसंच राहिलं. हाक आदराची आणि हुकूम एकेरी. तुम्ही माझ्या अंगावर हार्नेस चढवलात, पट्टे असे आवळलेत की श्वास अडकला, मागे ग्लायडर पसरलात आणि म्हणालात, "धाव."

मी म्हटलं, "आत्ता? कुठपर्यंत? हातातलं हे कधी ओढायचं?"

"धाव!"

आणि पाठीत धक्का. मी धावले, चार पावलांत तोंडावर पडले, दोन्ही गुडघे जांभ्या दगडावर सोलून निघाले. डबा खाताना मी तुम्हाला नीट सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, सुभेदार, मला काय होणार आहे ते आधी कळलं तर माझे हातपाय ऐकतात. नाही कळलं तर अंग आखडतं. तुम्ही आंबोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "विमानाच्या दारात उभा असलेला माणूस 'का' विचारत नाही."

"पण हे विमान नाही."

"कडा आहे ना? कडा म्हणजे दारच."

माझं सगळं आयुष्य याच्या उलट गेलंय. रोज सकाळी लोकांच्या हातात सुई खुपसायची हा माझा धंदा. सुई टेकवण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, "आता टोचतेय हं." लहान मूल असो की पैलवान. न सांगता टोचलं की हात दचकतो, शीर सरकते आणि दुसऱ्यांदा टोचावं लागतं. तुमचा अनुभव असा की सांगितलं की माणूस घाबरतो आणि दारात अडकतो. दोघंही वर्षानुवर्षं आपापल्या जागी बरोबर ठरलेलो. त्यामुळे कोणीच हलायला तयार नव्हतं.

बाकीच्यांना तुम्ही मानवायचात, हेही सांगते. पालीकडची ती दोन मुलं तुमची हाक ऐकली की विचार न करता पळायची आणि वर जायची. उतरल्यावर तुमच्या पाया पडायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी सावलीत बसून विचार करायची, माझ्यात काय कमी आहे? तुम्हाला वाटायचं मी वेळ काढतेय. मला वाटायचं तुम्ही मला मठ्ठ समजता. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज उडून आलीस की भांडून?" बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं.

छोट्या उतारावरून मी उडाले, तेही तुमच्या वॉकीटॉकीसकट. कानात तुमचा आवाज फुटायचा, "डावा! डावा! मॅडम, डावा म्हणजे तुझा डावा!" माझ्या डोक्यात डावा-उजवा असं काही उरायचंच नाही. खाली येऊन मी हेल्मेट काढायची आणि कानात नुसती घूं व्हायची. समुद्र कसा दिसला, वर हवा कशी होती, काही आठवायचं नाही. तुमचा आवाज तेवढा आठवायचा.

तरी मी सोडलं नाही. हट्ट म्हणा. तुम्हीही मला 'येऊ नकोस' म्हणाला नाहीत. तुमचाही हट्टच.

आता तो दिवस. आपण हे इतक्या वेळा बोललोय की मला आता माझी आठवण कुठली आणि तुमची कुठली ते सांगता येत नाही. मोठ्या कड्यावरून माझी पहिली वेळ. वारा समुद्रावरून सरळ अंगावर येत होता. मी दोऱ्या ओढल्या, ग्लायडर डोक्यावर सुरेख उभा राहिला, मी वळून धावायला लागले. आणि कड्याच्या जरा अलीकडे मी थांबले.

माझं म्हणणं, तुम्ही मागून ओरडलात म्हणून थांबले. तुमचं म्हणणं, मी थांबले म्हणून तुम्ही ओरडलात.

पुढचं दोघांनाही सारखंच आठवतं. डोक्यावरचा पंख एका बाजूला कलंडला, त्यात वारा शिरला आणि त्यानं मला पाय टेकू न देता कातळावरून तिरकं ओढत नेलं. कडा माझ्या उजव्या हाताला होता, आणि तो जवळ येत होता. तुम्ही धावत येऊन माझ्या हार्नेसला मिठी मारलीत. आपण दोघं घसटत गेलो आणि करवंदाच्या जाळीत जाऊन अडकलो. जाळीच्या पलीकडे समुद्र होता. मला लाटांचा आवाज अगदी कानाशी ऐकू येत होता.

तुमचा उजवा खांदा निखळला होता. हात कसातरीच लटकत होता. मला वाटलं तुम्ही विचाराल, लागलं का? तुम्ही विचारलंत, "का थांबलीस?"

आणि मी, जिचा जीव तुम्ही नुकताच वाचवला होता ती मी, तुमच्या तोंडावर म्हणाले, "का ओरडलात?"

दवाखान्यात जाईपर्यंत आपण गाडीत भांडलो. तुम्ही पुढच्या सीटवर खांदा धरून, मी मागे कपाळाला रुमाल दाबून. गाडी चालवणारा पालीचा मुलगा आरशातून एकदा तुमच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. "अर्धवट धावणं सर्वांत वाईट," तुम्ही म्हणालात. "धावायचं किंवा नाही धावायचं. मधलं काही नाही." हे तुमचं खरं होतं. मी ते तेव्हाही मानलं होतं, फक्त बोलले नाही.

आणि तुम्ही मला धरलंत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दर वेळी म्हणायला जायची आणि आधी वाद निघायचा. आता तुमच्या फोटोसमोर उभं राहून म्हणायचं का? फोटोत तुम्ही वर्दीत आहात, तरुण, छाती पुढे काढलेले. त्या माणसाला मी ओळखतही नाही.

खांद्याला झोळी बांधून तुम्ही घरी होतात, तेव्हा मी नाचणे गावात तुमच्याकडे आले. फोनवर सांगता आलं असतं. पण तुमच्यासारख्या माणसाला फोनवर सांगणं मला बरं वाटेना. वहिनींनी कोकम सरबत आणून ठेवलं आणि तोंडं बघून आत निघून गेल्या. मी पेला हातात घेऊन पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "सुभेदार, मला तुमच्याकडे शिकता येत नाहीय. माझी चूक म्हणा, तुमची म्हणा. मी दुसऱ्या कोणाकडे जाते."

तुम्ही झोळीची गाठ चाचपलीत. मग म्हणालात, "तो मिरकरवाड्याचा इरफान आलाय ना दुबईहून. तिथे शिकवायचा. त्याच्याकडे जा. फार बोलतो. तुला चालेल."

मी मनात म्हटलं, किती मोठा माणूस. मी पेला खाली ठेवला, उठले. दारापर्यंत पोचल्यावर तुम्ही मागून म्हणालात, "पण उद्या कड्याच्या टोकाला उभी राहून त्याच्याशी गप्पा मारत बसलीस तर मला दाखवू नकोस. मला बघवणार नाही."

म्हणजे तेही भांडणच निघालं.

इरफानविषयी तुम्हाला जे वाटायचं ते सगळं खरं होतं. तो फार बोलतो. पहिले कितीतरी दिवस त्यानं मला उडूच दिलं नाही. सपाट कातळावर ग्लायडर घेऊन उभं करायचा आणि स्वतः दगडावर बसून म्हणायचा, "शुभदाताई, डोळे मिटा. आता सांगा, कुठला हात जड झाला? का झाला? आता काय होणार?" मी विचारलेल्या एका प्रश्नाला तो तीन उत्तरं द्यायचा. मला आभाळ ठेंगणं झालं. पण सड्यावर उडण्याची चांगली जागा एकच. त्यामुळे एका टोकाला तुम्ही तुमची मुलं घेऊन ओरडत असायचात आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं गप्पा मारत. तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभे राहायचात. इरफान येताना रोज सलाम करायचा. तुम्ही मान हलवायचात, पण माझ्या बाजूला न बघता. त्या हंगामात मी उडेपर्यंत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

आणि मी उडाले. कड्याला समांतर, हळूहळू वर. एका बाजूला आरे गावाची वाळू, दुसऱ्या बाजूला वारे गावाची, मधून रस्ता. एक घार माझ्या बरोबरीनं आली, तिनं मान वळवून मला बघितलं आणि निघून गेली. इरफान वॉकीटॉकीवर फक्त एकदा बोलला, "ताई, मजा येतेय ना?" मी वरच हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले आणि पुसता येईनात, दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या.

सड्यावर परत उतरले तर तुम्ही समोर उभे होतात. त्या हंगामातली पहिली वेळ. मी हेल्मेट काढलं. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती. इरफानची मिळालीच होती, पण मला तुमची हवी होती.

तुम्ही म्हणालात, "उतरताना उजवा पाय आधी टाकतेस. घोटा जाईल," आणि वळून चालायला लागलात.

मी घरी येऊन भांडी आपटली. पायाचं तुमचं बरोबर होतं. मी सवय बदलली. पण त्या वेळी ते सांगायची गरज होती का, सुभेदार? एक दिवस थांबता आलं नसतं? हे मी तुम्हाला विचारणार होते, राहून गेलं.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तो केशरी पंख समुद्रावर परत कधी दिसला नाही. तुम्ही शिकवत होतात, ओरडत होतात, मुलांना ढकलत होतात, पण स्वतः वर जात नव्हतात. एकदा बाजारात बांगडे घेताना भेटलात, तेव्हा मी विचारलं. "वय झालं," तुम्ही म्हणालात आणि कोळणीशी भाव करायला लागलात. खरं मला वहिनींनी सांगितलं, पुढे बऱ्याच काळानं. "हात कानाच्या वर जात नाय गो त्यांचा. सदरासुदा मीच घालतंय." वहिनींनी ते अगदी सहज सांगितलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून स्वस्थ बसलेली नाही.

कारण बघा ना. तुमची हाक आधी आली असेल, तर तुम्ही तुमच्याच ओरडण्यानं खांदा घालवलात. मी आधी थांबले असेन, तर तुमचं उडणं माझ्यामुळे गेलं. हा काही शब्दांचा खेळ नव्हता. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणूनच वाद निघाला की तुम्ही तो मध्येच तोडायचात. मला वाचवत होतात की स्वतःला, कोण जाणे.

मग तुमचा आजार. रक्ताचाच निघाला, म्हणजे माझ्या दारात येणारच होता. दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं. पहिल्या लॅबवाल्या मुलावर तुम्ही असे खेकसलात की तो परत यायला तयार होईना. वहिनींनी मला फोन केला. "तूच ये गो. तुला त्यांची सवय आहे."

मी सकाळी पेटी घेऊन आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, गालांची हाडं वर आलेली. मी रबर बांधलं, शीर चाचपली, आणि सवयीनं म्हटलं, "आता टोचतेय हं."

"सांगतेस कशाला? सांगितलं की हात आखडतो."

"नाही सांगितलं तर माझा आखडतो."

वहिनी दारात पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तुम्हीही हसलात. मी तुम्हाला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी आपलं असं ठरलं की मी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं नाही. मी "टोचतेय हं" म्हणायची आणि तुम्ही मोठ्यानं वहिनींना विचारायचात, आज भाजी काय आहे.

त्या सकाळी मला आवडायला लागल्या होत्या, सुभेदार. आजारी माणसाकडे जाताना असं वाटू नये, पण वाटायचं. वहिनी चहा ठेवायच्या, आपला जुना वाद सुरू व्हायचा. हाक आधी की थांबणं. तुम्ही पांघरुणावर बोटांनी कडा काढून दाखवायचात, इथे मी, इथे तू. मी तुमचं बोट उचलून दुसरीकडे ठेवायची. एकदा तर तुम्ही म्हणालात, "बरं, एकाच वेळी." मी म्हटलं, "एकाच वेळी काही होत नसतं." आज वाटतं, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. की नको? माझं मलाच ठरत नाही.

तुमच्या पहिल्या उडीचं तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मुलांना कधी सांगितलं नव्हतं, वहिनींनासुद्धा नाही. विमानाचं दार उघडलं आणि तुम्ही दोन्ही हातांनी चौकट धरलीत. मागचे थांबलेले, खाली जमीन फिरतेय, आणि तुमची बोटं सुटेनात.

"मग?"

"मग उस्तादांनी कमरेत बूट घातला. मी उडी मारली नाही, मॅडम. मला ढकललं."

"आणि?"

"आणि काय. वर छत्री उघडली. सगळं शांत झालं. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. खाली येईपर्यंत रडत होतो." तुम्ही पांघरूण वर ओढलंत. "ढकललं नसतं तर त्याच विमानानं परत आलो असतो. मग गावात कुठलं तोंड दाखवणार होतो? म्हणून मी ढकलतो. कोणाला परत जायला लागू नये."

मला समजलं. अगदी आतपर्यंत समजलं. पण समजलं म्हणून पटलं असं नाही. मी म्हटलं, "पण सुभेदार, दारात न्यायच्या आधी कोणी तुम्हाला नीट समजावून सांगितलं असतं, तर कदाचित तुम्ही चौकट धरलीच नसती."

तुम्ही डोळे मिटून वहिनींना म्हणालात, "हिला काही सांगण्यात अर्थ नाही."

रिपोर्टमध्ये काय येतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. दर आठवड्याला आकडे खाली. मी मनाची तयारी करून यायची, की तुम्ही विचाराल आणि मी खरं सांगेन, कारण मला स्वतःला तसंच हवं असतं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. नुसता हात पुढे करायचात. आपण तिथेही जुळलो नाही. मी सगळं माहीत असूनही तुमच्यासमोर बसून चहा पीत राहिले आणि तुम्ही माझ्याकडे बघून काही न विचारता भाजीचं बोलत राहिलात.

मग एक दिवस म्हणालात, "मॅडम, गाडी काढ. सड्यावर जाऊन येऊ. तू उड, मी बघतो."

वहिनी नको म्हणत होत्या. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीही नको म्हटलं असतं, म्हणून आपण विचारलं नाही. तुम्हाला शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं, वहिनी मागे. सड्यावर गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली, तुमच्या बाजूचं दार उघडं ठेवलं. तुम्ही हात पुढे केलात, "वॉकीटॉकी दे." मी दिला. मनात म्हटलं, झालं, आता कान गेले.

वारा मवाळ होता. ग्लायडर डोक्यावर आला, मी धावले, पाय सुटले. कड्याच्या बाजूनं जात राहिले आणि तुमच्या आवाजाची वाट बघत राहिले. काही नाही. पहिलं वळण घेतलं, काही नाही. दुसरं घेतलं. इतकी शांतता मला सोसेना. शेवटी मी मुद्दाम एक वळण ढिलं घेतलं, कातळाच्या नको तितकं जवळून. म्हटलं, आता ओरडाल. काहीच नाही. मी बटण दाबलं, "सुभेदार, ऐकताय ना?"

उत्तर नाही.

मी कशी उतरले ते विचारू नका. ग्लायडर तसाच टाकला आणि हेल्मेटसकट गाडीकडे पळत सुटले. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

"निजलेत. उठवू नको. तुझे पाय सुटलेले बघितलानी आणि मग डोळा लागला."

तुमचं तोंड किंचित उघडं होतं, वॉकीटॉकी मांडीवर. मी गाडीला टेकून खाली बसले. माझा संताप झाला आणि मला हायसं वाटलं, दोन्ही. इरफानला नंतर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, हा भरवसा. ज्या शिकणाऱ्याला वर सोडून उस्ताद झोपतो, त्याला अजून काय पाहिजे?" इरफानला सगळ्यात चांगलंच दिसतं. मला तुमचं हिमोग्लोबिन माहीत होतं. तो भरवसा होता की थकवा, हे मी ठरवू शकत नाही. रोज एकदा एका बाजूनं ठरवते आणि चहा होईपर्यंत दुसऱ्या बाजूला जाते.

परत निघालो. साखरतरच्या पुलावर तुम्हाला जाग आली. वहिनींना मागे डुलकी लागली होती. तुम्ही खाडीकडे बघत विचारलंत, "कसं झालं?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला असं कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. वारा कुठून येत होता, डावा हात कधी जड झाला, खाली सुरूच्या बनाची सावली वाळूवर कशी पडली होती, पाणी कुठे हिरवं होतं आणि कुठून निळं. त्या ढिल्या वळणाचं सांगितलं नाही. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, चूक काढली नाहीत. मी श्वास घ्यायला थांबले की तेवढं म्हणायचात, "मग?"

शिरगाव गेलं, शहरातली गर्दी गेली. मी हळू चालवत होते. नाचण्याच्या फाट्यापाशी माझं सांगणं संपलं, मी उतरले होते. फाटक आलं. वहिनी उतरल्या, त्यांनी फाटक उघडलं आणि हात धरायला तुमच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही दाराला हात लावला नाहीत.

"मग?" तुम्ही म्हणालात.

मी इंजिन बंद केलं. म्हटलं, मग मी उतरलेच नाही. वारा अजून होता, म्हणून तशीच उत्तरेला गेले. नेवऱ्याच्या वाळूवर उंची जरा कमी झाली, पण पुढच्या डोंगरानं परत उचललं. भंडारपुळ्याला मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांनी बॅट हलवली. गणपतीपुळ्याच्या देवळाचा कळस पायाखालून गेला. मी कधीच तिकडे उडालेली नाही. नेवऱ्याच्या सपाट वाळूवर कोणाचाच ग्लायडर टिकत नाही, आणि त्या दिवशीच्या वाऱ्यात तर नाहीच, हे या जिल्ह्यात तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तुम्ही शाल नीट केलीत आणि काचेतून सरळ समोर बघत राहिलात.

"मग?"

वहिनी पायरीवर बसल्या. मी तुम्हाला मालगुंडच्या पुढे घेऊन गेले.